मुलांना अमेरिकेत कॉलेजच्या टीममध्ये खेळायचंय? नववीपासून काय काय करायचं ते सगळं

गेल्या वर्षभरात मंडळातल्या निदान दहा-बारा घरांतून फोन आले, लेकाला कॉलेजमध्ये टेनिस खेळायचंय, मुलीला ट्रॅक करायचंय, तुमच्या मुलीचं कसं झालं ते सांगा ना. प्रत्येक वेळी तासभर बोलते आणि फोन ठेवल्यावर आठवतं की अरे ते महत्त्वाचं राहिलंच. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय.

आमची लेक ब्रेस्टस्ट्रोक पोहते. न्यू जर्सीतल्या साध्या पब्लिक हायस्कूलमधून २०२५ मध्ये बाहेर पडली आणि आता एका डिव्हिजन थ्री कॉलेजच्या टीममध्ये आहे. ती स्टेट चॅम्पियन नव्हती, नॅशनल लेव्हलची तर नव्हतीच. तिचा अनुभव बहुतेकांच्या कामाचा आहे तो त्यामुळेच, कारण अगदी वरच्या मूठभर मुलांना कोच शोधत येतात, बाकी सगळ्यांना स्वतः जाऊन दार वाजवावं लागतं. आणि ते दार मुलानंच वाजवायचं असतं, आईबाबांनी नाही. हे मला उशिरा कळलं, ते पुढे सांगते.

आधी डोक्यातलं स्कॉलरशिपचं गणित नीट करा

आपल्याकडे एक समज पक्का असतो की मूल खेळात चांगलं असेल तर कॉलेज फुकट होतं. एनसीएए (कॉलेजांमधले खेळ चालवणारी संघटना, तिनंच कॉलेजांचे वन, टू, थ्री असे तीन डिव्हिजन केलेत) स्वतःच सांगते की हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांपैकी साधारण २ टक्के मुलांनाच खेळाची स्कॉलरशिप मिळते, आणि मिळते तीसुद्धा बऱ्याचदा अर्धी-पाव असते. पोहण्यात वर्षानुवर्षं डिव्हिजन वनच्या पुरुषांच्या अख्ख्या टीमला मिळून ९.९ स्कॉलरशिप्स होत्या आणि मुलींच्या टीमला १४, म्हणजे पंचवीस-तीस जणांत त्या वाटायच्या, कोणाला पुस्तकांपुरते पैसे, कोणाला अर्धी फी.

डिव्हिजन वन म्हणजे टीव्हीवर दिसतात ती मोठी विद्यापीठं, पण त्यात लहान कॉलेजंही बरीच असतात. डिव्हिजन टू मध्येही खेळाचे पैसे मिळतात, थोडे कमी. डिव्हिजन थ्री सगळ्यात मोठी, तिथे खेळासाठी एक पैसा मिळत नाही, पण मार्कांवर आणि घरच्या परिस्थितीवर मदत मिळते आणि ती कधीकधी खेळाच्या स्कॉलरशिपपेक्षा जास्त भरते. आयव्ही लीगची कॉलेजं डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ह्याशिवाय एनएआयए नावाची वेगळी संघटना आहे आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं आहेत, ज्यांचे मार्क किंवा टायमिंग अजून तयार नाहीत त्यांच्यासाठी तो रस्ता खरंच चांगला आहे, त्यात कमीपणा मानू नका.

व्हिसाचं इथेच सांगून टाकते कारण आपल्या लोकांना हे फार उशिरा समजतं. मूल एच-फोर वर (आईबाबांच्या एच-वन वर अवलंबून असलेला व्हिसा) असेल तर एफएएफएसए ह्या सरकारी फॉर्ममधून मिळणारी सरकारी मदत मिळत नाही. कॉलेज स्वतःच्या खिशातून देतं ती मेरिटची किंवा खेळाची मदत मात्र मिळू शकते, त्यामुळे प्रत्येक कॉलेजला हा प्रश्न सरळ विचारायचा. २०२१ पासून मुलांना स्वतःच्या नावावर आणि फोटोवर पैसे कमावता येतात, ज्याला सगळे एनआयएल म्हणतात, पण एच-फोर किंवा एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) वरच्या मुलानं त्यात हात घालायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी बोललंच पाहिजे, कारण तिथे एनसीएएचा नियम पाळून भागत नाही, काम करायच्या परवानगीचा प्रश्न येतो.

नववी: विषय बघा, मेडल नंतर

नववीत खेळाबद्दल फार काही करायचं नसतं, पण अभ्यासाचं एक काम असतं जे चुकलं तर पुढे दुरुस्त होत नाही. डिव्हिजन वन आणि टू साठी १६ कोअर कोर्सेस, म्हणजे एनसीएएनं मान्य केलेले मुख्य विषय, लागतात. डिव्हिजन वनचा हिशोब असा: इंग्लिश ४ वर्षं, मॅथ्स ३ (अल्जिब्रा वन किंवा त्याच्या वरचं), सायन्स २, सोशल सायन्स २, इंग्लिश-मॅथ्स-सायन्सपैकी आणखी १, आणि उरलेली ४ ह्याच विषयांतली किंवा परकीय भाषा वगैरे. ह्यातले १० कोर्स बारावी सुरू व्हायच्या आधी झालेले हवेत, त्यातले ७ इंग्लिश, मॅथ्स, सायन्समधले. कोअर विषयांचा जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) डिव्हिजन वनला कमीत कमी २.३ आणि टू ला २.२. एसएटी किंवा एसीटी ह्या पात्रतेसाठी २०२३ पासून लागत नाही, कॉलेजला प्रवेशासाठी हवी असेल तर ती वेगळी गोष्ट.

आपल्या मुलांना २.३ चं टेन्शन नसतं, टेन्शन वेगळंच असतं. शाळेत शिकवलेला प्रत्येक विषय कोअर धरला जात नाही. एनसीएएच्या साइटवर तुमच्या शाळेचं नाव टाकलं की मान्य विषयांची यादी येते, ती नववीतच काउन्सेलरसमोर बसून बघा. उन्हाळ्यात बाहेरून ऑनलाइन कोर्स करून पुढे उडी मारायची आपल्या घरांत फार हौस असते, तो कोर्स धरला जातो का हे फी भरायच्या आधी विचारा. डिव्हिजन थ्रीला हे नियम लागू नाहीत, तिथे प्रत्येक कॉलेज स्वतःच्या प्रवेशाच्या अटी लावतं, पण नववीत कुठे माहीत असतं की शेवटी कुठे जाणार?

दहावी: आपण नक्की कुठे बसतो ते शोधणं

माझ्या मते सगळ्यात कमी केलं जाणारं आणि सगळ्यात उपयोगी काम हेच. बहुतेक पालक कॉलेजच्या नावापासून सुरुवात करतात, आम्हीही तेच केलं, मोठ्ठी वीस नावं लिहिली आणि त्यातल्या सतरा ठिकाणी लेकीचं टायमिंग टीमच्या शेवटच्या मुलीच्याही मागे होतं. मग तिच्या क्लब कोचनं एक संध्याकाळ आमच्याबरोबर बसून पद्धत शिकवली.

एक कॉलेज घ्या. ते कुठल्या कॉन्फरन्समध्ये (एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) आहे ते बघा. त्या कॉन्फरन्सच्या गेल्या फेब्रुवारीतल्या चॅम्पियनशिपचे रिझल्ट उघडा, ते फुकट असतात. आपल्या इव्हेंटमध्ये आठव्या नंबरचं टायमिंग काय, सोळाव्याचं काय ते लिहून घ्या. त्या वर्षी लेकीचं १०० यार्ड ब्रेस्टस्ट्रोक १:०९.१ होतं. एका कॉन्फरन्समध्ये सोळावी मुलगी १:०४ ला होती, ते सोडून दिलं. दुसरीकडे आठवी १:०६.५ आणि सोळावी १:०९.८, म्हणजे तिथे ती पहिल्याच वर्षी टीमला पॉइंट मिळवून देऊ शकते. मग त्या कॉलेजचं रोस्टर, म्हणजे टीमची यादी, उघडायचं आणि बघायचं की ब्रेस्टस्ट्रोकवाल्या किती आहेत आणि आपली मुलगी जाईल त्या वर्षी त्यातल्या किती पास होऊन बाहेर पडलेल्या असतील. तीनपैकी दोन जाणार असतील तर त्या कोचला ब्रेस्टस्ट्रोक लागणारच आहे. हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये भरत गेलो, कॉलेज, कॉन्फरन्स, आठवी, सोळावी, जाणाऱ्या मुली, आणि शेवटच्या कॉलममध्ये त्या कॉलेजच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवरून आलेला घरचा खर्च. दोन शनिवार-रविवार गेले पण नंतरचं दीड वर्ष सोपं झालं.

ट्रॅकवाल्यांना हेच अगदी असंच करता येतं. टेनिसवाल्यांनी टीममधल्या पाचव्या-सहाव्या नंबरच्या खेळाडूचा यूटीआर (टेनिसचं रेटिंग) बघायचा. सॉकर, व्हॉलीबॉल, हॉकीला आकडा नसतो, तिथे व्हिडिओच बोलतो, तीन-चार मिनिटांचा पुरे, पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात चांगले क्षण, आणि प्रत्येक क्लिपच्या आधी आपण कुठला खेळाडू ते दाखवणारा बाण.

रिक्रूटिंग करून देतो म्हणणाऱ्या कंपन्या ह्याच सुमाराला फोन करायला लागतात. आम्ही एकीला पैसे भरले, तिनं एकच छापील मेल शेकडो कोचना पाठवला आणि एकाचंही धड उत्तर आलं नाही. ज्या ज्या कोचशी शेवटी बोलणं झालं ते सगळे लेकीनं स्वतः लिहिलेल्या मेलमधून मिळाले. माझं स्पष्ट मत, ते पैसे वाचवा आणि दोन कॉलेजं प्रत्यक्ष बघून या.

१५ जून आणि तो मेल

डिव्हिजन वनमध्ये बहुतेक खेळांत दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून कोच मुलांना फोन, मेसेज करू शकतात. त्याआधी तुम्ही कितीही मेल पाठवा, ते फार तर फॉर्म किंवा कॅम्पची माहिती पाठवतील, तो नियम आहे, त्यांना रस नाही असं समजू नका. अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून ऑफिशियल व्हिजिट सुरू होतात. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या काही खेळांच्या तारखा वेगळ्या आहेत. डिव्हिजन थ्रीचे कोच मेलला कधीही उत्तर देऊ शकतात.

आता माझी चूक. पहिला मेल मी लिहिला. छान मोठा, लेक लहानपणापासून किती मेहनती आहे, मराठी शाळेतही पहिली येते, भरतनाट्यम पण करते, असं सगळं. एका कोचचं दोन ओळींचं उत्तर आलं, अगदी सभ्य, की मला तुमच्या मुलीकडूनच ऐकायला आवडेल. लेक तो मेल वाचून एवढंच म्हणाली, "आई, आता मी लिहू?" आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वीस मिनिटांत तिनं तिचा लिहिला.

सब्जेक्टमध्ये नाव, ग्रॅज्युएशनचं वर्ष २०२५, १०० ब्रेस्ट १:०९.१, २०० ब्रेस्टचं टायमिंग, जीपीए. खाली पाच-सहा वाक्यं. मी कोण, कुठल्या क्लबला. तुमच्याच कॉलेजला का लिहितेय, आणि इथे प्रत्येक कॉलेजला वेगळं वाक्य, खरं वाक्य, उदाहरणार्थ तुमच्याकडे बायोला पहिल्या वर्षापासून लॅबमध्ये घेतात, आणि तुमच्या दोन ब्रेस्टस्ट्रोकर माझ्या यायच्या वर्षी बाहेर पडतायत. मग गेल्या दोन वर्षांत टायमिंग किती उतरलं ते, १:१२.८ वरून १:०९.१. कोचना आजच्या टायमिंगपेक्षा हा उतार जास्त बघायचा असतो, कारण त्यांना दोन वर्षांनंतरची मुलगी घ्यायची असते. पुढची मीट कधी, कोचचा नंबर, ट्रान्सक्रिप्ट (शाळेतल्या विषयांची आणि ग्रेडची नोंद) जोडलंय. संपलं. असे ४२ मेल गेले, १७ उत्तरं आली. ज्यांचं आलं नाही त्यांना प्रत्येक चांगल्या मीटनंतर दोन ओळी, त्यातून आणखी चार आली.

फोनवर पण तिनंच बोलायचं. आपली मुलं मोठ्यांशी बोलताना गप्प बसतात, आपणच तसं वळण लावलेलं असतं की मोठे बोलतील तेव्हा मध्ये बोलू नये. इथे कोचला ते शांतपण उदासीनता वाटते. आम्ही घरी सराव केला, बाबा कोच झाले, गराजमध्ये उभं राहून फोन केला, लेक वर तिच्या खोलीत. तीन-चार वेळा केल्यावर तिचा आवाज मोकळा झाला.

अकरावी: व्हिजिट, आणि कोचला विचारायचे प्रश्न

ऑफिशियल व्हिजिटला खर्च कॉलेज करतं आणि मूल टीमच्या मुलांबरोबर राहतं. अनऑफिशियल आपल्या खर्चानं, कितीही. पालकांनी मागच्या सीटवर बसावं एवढंच सांगेन, पैशांचे प्रश्न मात्र आपण विचारायचे.

२०२५ च्या जूनमध्ये हाऊस खटल्याची (खेळाडूंनी एनसीएएवर पैशांसाठी केलेला) तडजोड कोर्टानं मंजूर केली, तेव्हापासून डिव्हिजन वनमध्ये बरंच बदललंय. ज्या कॉलेजांनी ते स्वीकारलं ती खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, स्कॉलरशिपच्या संख्येची जुनी मर्यादा गेली आणि त्याऐवजी टीममध्ये किती मुलं ठेवायची ह्यावर मर्यादा आली, फुटबॉलला १०५, बेसबॉलला ३४, बास्केटबॉलला १५. ऐकायला बरं वाटतं, पण टीमच्या शेवटी असणारी, स्वतःच्या पैशांनी खेळणारी जी मुलं असायची त्यांच्या जागा आक्रसल्या. लेकीच्या क्लबमधल्या एका मुलाला तोंडी जागा दिलेली होती, ती उन्हाळ्यात गेली, तोवर बाकीची कॉलेजं हातची गेलेली. म्हणून हे विचाराच: तुमचं कॉलेज त्या तडजोडीत आहे का, ह्या इव्हेंटला रोस्टरवर किती जागा, त्यातल्या किती तुम्ही दुसऱ्या कॉलेजातून ट्रान्सफर होऊन येणाऱ्यांनी भरता, पहिल्या वर्षी टायमिंग सुधारलं नाही तर काय होतं, स्कॉलरशिप किती वर्षांची आणि कशावर बंद होते. आधी जे नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (ह्याच कॉलेजला येईन असं मुलानं सही करून द्यायचं पत्र) असायचं ते २०२४ मध्ये बंद झालं, आता कॉलेजचा आर्थिक मदतीचा करारच काय तो कागद. तोंडी शब्दावर विसंबू नका.

टीमच्या मुलींना एकट्यात विचारायचे प्रश्न वेगळे. दुखापत झाली की कोच कसे वागतात. लॅब आणि प्रॅक्टिस एकाच वेळी आली तर कोण माघार घेतं. गेल्या दोन वर्षांत किती जणींनी टीम सोडली. डिव्हिजन वनमध्ये सीझनला आठवड्याला २० तासांची मर्यादा कागदावर आहे, पण प्रवास त्यात धरत नाहीत, खरे तास मुलीच सांगतात.

त्याच हिवाळ्यात लेकीचा उजवा खांदा दुखावला. सात आठवडे पाण्यात फक्त किक. तेव्हा तिनं यादीतल्या प्रत्येक कॉलेजसमोर एक प्रश्न लिहिला, पोहणं उद्या बंद झालं तरी मी इथे चार वर्षं राहीन का? अकरापैकी पाच नावं त्या दिवशी गेली, त्यात आमच्या सगळ्यात आवडीचं एक होतं. मी हा प्रश्न आता सगळ्यांना पहिल्याच दिवशी विचारायला सांगते. आणि खांद्याची गोष्ट तिनं प्रत्येक कोचला स्वतः कळवली, लपवली नाही, एकानंही त्यामुळे बोलणं थांबवलं नाही.

खाणं, झोप, आणि मुलींची पाळी

हे कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. आपल्या घरातल्या शाकाहारी मुली दिवसाला चार तास घाम गाळतात आणि डब्यात दोन पोळ्या आणि भाजी. लेक दहावीत सतत दमायची, आम्हाला वाटलं अभ्यासाचा ताण. डॉक्टरांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलं तर लोह तळाला गेलेलं. साध्या हिमोग्लोबिनमध्ये ते दिसलं नव्हतं, म्हणून फेरिटिन वेगळं तपासायला सांगा. सलग तीन महिने पाळी आली नाही तर खेळामुळे होतं असं म्हणून सोडू नका, शरीराला खाणं कमी पडतंय ह्याची ती खूण असू शकते, हाडांवर परिणाम होतो, डॉक्टरांकडे जाच. घरी आम्ही प्रॅक्टिसच्या आधी केळं किंवा पोह्यांची वाटी, नंतर अर्ध्या तासात दही-भात किंवा पनीरचा पराठा असं बसवलं. कॉलेजच्या मेसमध्ये डाळ सहसा मिळत नाही, टोफू, बीन्स, ग्रीक योगर्ट खायची सवय बारावीतच लावा.

आणि भारतातून आलेलं चूर्ण, काढा, कोणी दिलेली प्रोटीन पावडर ह्यातलं काहीही टीमच्या ट्रेनरला दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही. डोपिंग टेस्टमध्ये काही निघालं तर जबाबदारी खेळाडूची असते, आजीनं प्रेमानं पाठवलं होतं हे तिथे चालत नाही.

भारतात शिकणाऱ्या मुलांसाठी थोडं

पुण्यातून नातेवाईक विचारतात म्हणून. हा रस्ता आपल्याकडच्यांनी चालून दाखवलाय, पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम कडून खेळली, अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून. सोमदेव देववर्मननं व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएए सिंगल्स जिंकलं, तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत चॅम्पियन झाला.

नववी ते बारावीच्या सगळ्या मार्कशीट जपा, अकरावीचीसुद्धा, तिला बोर्ड नाही म्हणून लोक ती टाकून देतात. बारावीनंतर सर्किट खेळायला एखादं वर्ष घ्यायचं असेल तर आधी नियम बघा, डिव्हिजन वनमध्ये टेनिसला सहा महिन्यांची आणि बाकी बहुतेक खेळांना वर्षाची सवलत असायची, त्यापुढे खेळत राहिलं की पात्रतेची वर्षं कापली जातात, आणि हे नियम सध्या बदलाच्या चर्चेत आहेत. बक्षिसाचे पैसे मिळाले असतील तर स्पर्धेचं नाव, रक्कम, प्रवासाचा खर्च, सगळ्याच्या पावत्या ठेवा. आणि पोहणाऱ्यांनो, बालेवाडीचं ५० मीटरचं टायमिंग इथल्या कोचला पाठवताना तसं स्पष्ट लिहा, इथे कॉलेजमध्ये २५ यार्डच्या पूलमध्ये पोहतात, मूळ टायमिंग आणि बदललेलं दोन्ही द्या, नुसतं बदललेलं दिलं तर विश्वास बसत नाही.

बारावी: फॉर्म, फॉर्म, फॉर्म

डिव्हिजन थ्रीत अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात कोच ट्रान्सक्रिप्ट घेऊन प्रवेश विभागाला दाखवतात, त्याला प्री-रीड म्हणतात. त्यावरून अंदाज येतो, हमी नाही. मग बहुतेक कोच अर्ली डिसिजनला (एकाच कॉलेजला लवकर करायचा अर्ज) अर्ज करायला सांगतात, तारीख साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीची, आणि ते बंधनकारक असतं, म्हणून त्याआधी खर्चाचा अंदाज कॉलेजकडून लेखी मागा. आम्ही मागितला, आठवड्यात आला.

डिव्हिजन वन आणि टू साठी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरवर (पात्रता तपासणारी साइट) खातं उघडलेलं असेलच, तर बारावीच्या १ एप्रिलनंतर शेवटचं अमॅच्युअरिझम सर्टिफिकेशन (मूल व्यावसायिक खेळाडू नाही ह्याची खात्री) मागायला विसरू नका, आणि शाळेकडून फायनल ट्रान्सक्रिप्ट जाईल हे बघा. प्रवेश मिळाला म्हणून शेवटच्या सेमिस्टरला ढिलाई केली तर प्रवेश रद्द होऊ शकतो.

मेडिकलच्या फॉर्ममध्ये सिकल सेल ट्रेट (रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचं जनुक) आहे की नाही हे एनसीएएच्या सगळ्या डिव्हिजनला लागतं. विदर्भातल्या लोकांना हा शब्द नवा नाही. इथे जन्मलेल्या मुलांचा तो रिपोर्ट जन्माच्या वेळच्या तपासणीत असतो, तुमच्या डॉक्टरकडून किंवा राज्याकडून मिळतो. भारतात जन्मलेल्यांना रक्ततपासणी करावी लागते. आमची लेक पुण्यात जन्मलेली, चार वर्षांची असताना इथे आली, त्यामुळे ती तपासणीही करावी लागली आणि लसींचा कागदही कुठेच सापडेना, जुलै संपत आलेला, रिपोर्ट अपलोड केल्याशिवाय पाण्यात उतरता येणार नाही असा मेल आलेला. शेवटी सासूबाईंनी सदाशिव पेठेतल्या घरातलं गोदरेजचं कपाट रिकामं केलं आणि रात्री दीड वाजता व्हॉट्सॲपवर फोटो आला, पिवळं पडलेलं लसीकरणाचं कार्ड, कोपऱ्यावर त्यांच्याच अक्षरात पुढच्या डोसची तारीख. तुमचं कार्ड कुठे आहे ते आजच बघून ठेवा.